बाळाचे दात आणि हिरड्या: घराघरांतून येणारे प्रश्न

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. पहिली, "दात येतायत, फार त्रास होतोय हो" म्हणणारी. दुसरी, "वरचे पुढचे दात झिजून गेले, बघा ना" म्हणणारी. पहिल्यांचं बाळ बहुतेक वेळा ठणठणीत असतं. दुसऱ्यांनी मात्र सहा महिने आधी यायला हवं होतं. दात येण्याची भीती आपण पिढ्यान् पिढ्या बाळगली, पण आलेले दात किडण्याची कधी घेतली नाही. खालच्या प्रश्नांतले बरेचसे या उलट्या हिशेबातूनच येतात.

पहिला दात कधी येतो? पुढचे कोणत्या क्रमाने?

साधारण सहाव्या महिन्याच्या आगेमागे खालचे मधले दोन येतात. चौथ्या महिन्यात आले तरी चालतं, अकराव्यात आले तरी चालतं. मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे. वर्ष-सव्वा वर्षाला पहिल्या दाढा, नंतर सुळे, आणि दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान मागच्या दाढा. तीन वर्षांपर्यंत वर दहा, खाली दहा असे वीस दुधाचे दात पुरे होतात. मधली जागा मोकळी सोडून दाढ आधी आलेली पाहून लोक बिचकतात. तो क्रमच तसा आहे, सुळा मागाहून येतो.

ढोबळ हिशेब हवा असेल तर दोन वर्षांपर्यंत बाळाच्या वयाच्या महिन्यांतून सहा वजा करा. वर्षाच्या बाळाला सहाएक दात. चार इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही.

दहा महिने झाले, एकही दात नाही. कॅल्शियमचं औषध सुरू करू का?

नको. दात उशिरा येणं बहुतेक वेळा घराण्यात असतं. आजीला विचारा, "बाबांना कधी आले होते?" अर्ध्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. बाळ पूर्ण दिवसांच्या आधी जन्मलेलं असेल तर जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करून मोजा.

दुधाच्या दातांची जुळवाजुळव आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यातच सुरू होते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत क्षार भरू लागतात. जन्माच्या वेळी ते हिरडीखाली बऱ्यापैकी तयार असतात. बाटलीतलं कॅल्शियम त्यांना वर ढकलत नाही. बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगतात ते मात्र चुकवू नका, ते हाडांसाठी आहेत. वर्ष उलटूनही काहीच दिसलं नाही तर एकदा दाखवा. दीड वर्षापर्यंत एकही नसेल तर दाखवायलाच हवं, कारण थायरॉइड किंवा मुडदूस अशी कारणं क्वचित निघतात.

वरचे दात आधी आले. सासूबाई म्हणतात मामाला वाईट.

मामाला काही होत नाही. खालचे आधी येणं ही सर्वसाधारण रीत आहे, नियम नव्हे. मामाला बोलावून बाळाच्या हातात चांदीची वाटी द्यायची असेल तर खुशाल द्या. ती वाटी फ्रिजमध्ये थंड करून चघळायला किती कामाची आहे ते पुढे येईलच.

जन्मतःच दात आहे. काढून टाकायचा का?

दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला असतो. हा दात 'जादाचा' असेल असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा तो नेहमीच्या वीसांपैकीच, घाईने आलेला असतो. काढला की ती जागा सहा-सात वर्षांपर्यंत रिकामी राहते. म्हणून घट्ट असेल तर राहू देतो. फार हलत असेल आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल, किंवा त्याच्या घासण्याने जिभेखाली जखम होऊन बाळ दूधच ओढत नसेल, तर काढावा लागतो. काढण्याआधी बाळाला जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालंय का हे डॉक्टर विचारतील, रक्त थांबण्यासाठी ते लागतं. घरी दोऱ्याने ओढण्याचा प्रयोग कृपा करून नको.

दात येताना ताप आणि जुलाब होतातच ना?

होत नाहीत. या एका गैरसमजाने जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कशाने केलं नसेल, म्हणून इथे जरा लांबण लावते.

दात हिरडीतून वर येताना लाळ गळते, बाळ मूठ तोंडात कोंबतं, हिरडी लालसर दिसते, चिडचिड होते, झोप मोडते, घन खाणं नको म्हणतं. अंग किंचित कोमट लागतं. हे सगळं दात दिसण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, अशा आठवड्याभरात आटोपतं. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा वर आकडा गेला तर तो ताप दाताचा नाही. पाण्यासारखी शी, उलट्या, खोकला, अंगावर पुरळ, यांतलं काहीही दाताचं नाही.

मग प्रत्येक घरात दात आणि जुलाब एकत्रच कसे येतात? कारण तिसऱ्याच गोष्टी त्याच महिन्यांत घडत असतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागते. त्याच वेळी वरचं खाणं सुरू होतं, वाटी-चमचा आला, पाणी आलं. बाळ रांगायला लागतं आणि जमिनीवरची चप्पलसुद्धा चाखून बघतं. पोट त्यानं बिघडतं, आणि आळ येतो बिचाऱ्या दातावर.

एक बाळ माझ्याकडे 'दाताचे जुलाब' म्हणून चौथ्या दिवशी आणलं होतं. दहा महिन्यांचं. आई हिरडी दाखवत होती आणि मी टाळूवर हात ठेवून होते. टाळू खोल गेली होती, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं, सकाळपासून लघवी एकदाच. हिरडी न बघता तसंच बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं, सलाइन लावावं लागलं. घरच्यांचा निष्काळजीपणा म्हणावा तर तोही नव्हता. शेजारच्या, नात्यातल्या सगळ्या बायकांनी "दाताचे आहेत, थांबतील" असं एकमुखाने सांगितलं होतं. जुलाब कशामुळेही असोत, ओआरएस पहिल्या दिवसापासून, अंगावरचं दूध चालू, झिंक डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, आणि बाळ मलूल झालं की तडक दवाखाना.

हिरड्या शिवशिवतात. चघळायला काय द्यावं?

थंड आणि टणक, पण तुटणार नाही असं काहीही. स्वच्छ सुती कापडाची घडी पाण्यात भिजवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. स्टीलचा चमचा चालतो, मामाची वाटी चालते. हात धुऊन बोटाने हिरडी दाबत चोळली तर बाळ चक्क डोळे मिटून घेतं. विकतचं टीदर घ्यायचं तर आत पाणी किंवा जेल भरलेलं नको, भरीव रबराचं घ्या.

खारीक, गाजर, ज्येष्ठमधाची कांडी हे आजीच्या डब्यातले उपाय. दात नसताना गाजर चघळता येतं, पण दोन दात आले की त्याचा तुकडा पडतो, आणि तो नेमका घशात अडकण्याच्या मापाचा असतो. खारीक तर चोखून चोखून मऊ होते आणि नव्या दाताभोवती साखरेचा लेप बसवते. मनगट्यांचे काळे मणी बाळ सर्रास चावतं, ते या दिवसांत काढून ठेवा. 'दात सुखाने यावेत' म्हणून गळ्यात घालायच्या पिवळ्या मण्यांच्या माळा हल्ली ऑनलाइन मिळतात. झोपेत गळ्याला फास बसण्याचा आणि मणी गिळण्याचा, असे दोन धोके त्या एकाच माळेत मिळतात.

हनुवटीखाली लाळेने त्वचा लाल होते. लाळेरं वारंवार बदला, पुसताना घासू नका, टिपा, आणि झोपवताना खोबरेल तेलाचं बोट लावा.

हिरडीवर लावायचं जेल, दात येण्याच्या गोळ्या, मध?

तिन्ही नकोत. बधिर करणाऱ्या काही जेलमध्ये बेन्झोकेन असतं. त्यामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद एकदम घटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं सांगितलं. दुसऱ्या प्रकारच्या जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातलं औषध. ब्रिटनने २००९ पासून सोळा वर्षांखाली ते बंद केलं. आपल्याकडे ही जेल तोंड आल्यावर लावायला घरात आणलेली असतात आणि तीच बाळाच्या हिरडीवर जातात. शिवाय बाळाची लाळ इतकी गळत असते की औषध हिरडीवर टिकतच नाही, पोटात जातं.

मध वर्षाच्या आत चाटवू नये, कारण त्यातल्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. यात अंगातलं बळच जातं. गुटी सहाणेवर उगाळून मधातून देण्याची पद्धत असेल तर हा भाग ध्यानात घ्या. आणि 'पूर्वीचे उपाय निरुपद्रवी होते' असं वाटत असेल तर मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया बाळ शांत झोपावं म्हणून अफूची बाळागोळी देत, हेही आठवा. त्या बायांचा नाइलाज होता. आपला नाही.

फारच कासावीस झालं तर बालरोगतज्ज्ञांनी वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल एखाददुसऱ्या रात्री द्यायला हरकत नाही. यात एक घोळ नेहमी होतो. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. थेंबांची बाटली आणि सिरपचा चमचा असं झालं तर बाळाला कितीतरी पट औषध जातं. लेबल वाचा, ज्या बाटलीचं माप त्याच बाटलीसाठी वापरा.

हिरडीवर निळसर फुगा आलाय.

दात वर येण्याच्या बेतात असताना त्याच्यावर पाणी किंवा रक्त साचतं, तोच हा फुगा. दात वर आला की आपोआप फुटतो. टाचणी लावू नका.

तान्ह्या बाळाच्या हिरडीवर पांढरे दाणे दिसतात, ते दात आहेत का?

दात नाहीत. बहुतेक नवजात बाळांच्या टाळ्यावर किंवा हिरडीवर असे मोत्यासारखे दाणे असतात, काही आठवड्यांत जातात. कापडाने खरवडून काढू नका. जिभेवर आणि गालाच्या आत दह्यासारखे डाग असतील, पुसून निघत नसतील किंवा निघताना खाली लाल होत असेल तर ती बुरशी असू शकते, तिला औषध लागतं.

दातच नाहीत तर साफ काय करायचं?

हिरड्या पुसायच्या, तेही मुख्यतः पुढे ब्रश तोंडात घेऊ द्यावा म्हणून. जुन्या मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा तळहाताएवढा तुकडा उकळून वाळवून ठेवा. बाळाला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्या पोटाशी. तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून पिळा, तर्जनीला गुंडाळा, आणि खालची हिरडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वरची. ओठाच्या आतली खोबण राहते, तिथे दूध साठतं. पंधरा सेकंदांचं काम. अंघोळ घालताना केलं तर विसरत नाही. मीठ, हळद, मध, ग्लिसरीन, कशाचीही गरज नाही.

ब्रश कधीपासून? पेस्ट किती?

पहिला दात दिसला त्या दिवसापासून. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश. पेस्ट फ्लोराइडची, ट्यूबवर १००० पीपीएम लिहिलेली. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मी आयांना नेहमी सांगते, आंबेमोहोराच्या, बासमतीच्या नव्हे. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट मोठ्यांनासुद्धा लागत नाही.

दिवसातून दोनदा, आणि एकदाच जमणार असेल तर रात्री. झोपेत लाळ कमी होते, आणि लाळ हाच तोंडाचा पाण्याचा नळ आहे. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नको. पेस्ट थुंकता येत नाही म्हणून काळजी नको, दाण्याएवढी गिळली तरी चालते. उरलेला फेस कापडाने टिपा.

फ्लोराइड वाईट असतं असं वाचलं.

अतिरेक वाईट असतो. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या किनवटसारख्या भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. त्यापेक्षा जास्त असलेलं पाणी लहानपणी पोटात गेलं की पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात. अशा गावात राहत असाल तर आधी पाणी तपासून घ्या आणि पेस्टबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. पुण्या-मुंबईत नळाचं पाणी पिणाऱ्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टने काही होत नाही, किडीपासून मात्र वाचवतं.

घरात आजी मशेरी लावते, बाळाच्या हिरडीलाही बोट फिरवते.

आजच थांबवा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तोंडाच्या आतली नाजूक कातडी निकोटिन झपाट्याने शोषते. 'बाळ शांत झोपतं' ते त्याच्या नशेने. आजीच्या मशेरीची डबी बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवा, आणि मशेरीचं बोट धुतल्याशिवाय बाळाला भरवू देऊ नका. लाल-काळी दंतमंजनंही नकोत. ती खरखरीत असतात, आणि दुधाच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं.

ब्रश पाहिला की बाळ तोंड घट्ट मिटतं, रडून घर डोक्यावर घेतं.

रडतं तेव्हा तोंड उघडंच असतं, संधी साधा. समोर उभं करून घासू नका, काहीच दिसत नाही. दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा, बाळाचे पाय एकाच्या कमरेभोवती, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. ज्याच्या मांडीवर डोकं आहे त्याने ओठ बोटाने उचलून घासायचं. आम्ही दवाखान्यात असंच तपासतो. एक जुना ब्रश बाळाच्या हातात द्या, त्याला स्वतःचं काहीतरी घासू दे. तेल लावताना, अंघोळीत, टोपरं घालताना बाळ रडतंच, म्हणून आपण ते थांबवतो का?

दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपतं. त्याने खरंच दात किडतात?

हो. माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांची गोष्ट हीच असते.

दूध नुसतं पिऊन टाकलं तर फार बिघडत नाही. झोपलेल्या बाळाच्या तोंडात ते थांबून राहतं, वरच्या पुढच्या चार दातांभोवती. गिळणं मंदावलेलं, लाळ आटलेली. जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल रात्रभर इनॅमल विरघळवतं. खालचे पुढचे दात जिभेच्या आड असतात, शेजारीच लाळेच्या ग्रंथी, म्हणून ते वाचतात. वरचे चार गेलेले आणि खालचे पांढरेशुभ्र, असं तोंड पाहिलं की बाटलीबद्दल विचारावंसुद्धा लागत नाही. बाटलीत साखर, चहा, फळांचा रस किंवा नाचणीसत्त्व-गूळ असेल तर दात आणखी भराभर जातात.

दर महिन्याला हे करा: बाळाचा वरचा ओठ उचला आणि उजेडात बघा. हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी मळकट पांढरी रेघ दिसते का? दात ओला असताना ती लपते, कापडाने कोरडा केला की उमटते. ही किडीची पहिली पायरी. या टप्प्यावर रात्रीची बाटली थांबली, ब्रश आणि फ्लोराइड सुरू झालं, तर ती तिथेच थोपवता येते. पिवळी-तपकिरी झाली, खड्डा पडला की वेळ टळलेली असते.

बाटली एकदम हिसकावू नका, बाळही रडेल आणि तुम्हीही. आठवडाभर दुधात थोडं थोडं पाणी वाढवत शेवटी नुसतं पाणी ठेवा. हे फक्त वर्ष उलटलेल्या, नीट जेवणाऱ्या बाळासाठी, आणि फक्त रात्रीच्या झोपेच्या बाटलीपुरतं. त्याहून लहान बाळाला दूध पाजून, हिरड्या पुसून मग झोपवा. सहा महिन्यांनंतर वाटीने पाजायला सुरुवात करा. आपल्या आज्या बोंडल्याने पाजत, ते दात आणि पोट दोन्हींसाठी बाटलीपेक्षा शहाणपणाचं होतं.

मग रात्री अंगावर पाजणंही बंद करायचं?

पहिल्या वर्षी अजिबात नाही. सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, त्याला दातांसाठी फाटा देऊ नका. वर्षानंतर, दात आलेले असताना, रात्रभर तासातासाला तोंडात घेऊन झोपणारं बाळ आणि दिवसा गोड खाणं अशी जोडी जमली की धोका वाढतो. अशा वेळी झोपेआधी नीट ब्रश, दिवसा साखर नाही, आणि रात्रीच्या वेळा हळूहळू कमी. आईला अपराधी वाटावं असं यात काही नाही, हे मी घरातल्या इतरांसाठी लिहितेय.

पाजताना चावतं.

ओरडू नका, बाळाला तो खेळ वाटतो. ओढूनही काढू नका. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा, आणि दोन मिनिटं पाजणं थांबवा. पोट भरत आल्यावर चावतं, तेव्हाच बाजूला घ्या. पाजण्याआधी थंड कापड चघळायला दिलं तरी फरक पडतो.

सणावाराला थोडं गोड दिलं तर काय होतं?

उष्टावणाला खिरीचं बोट लावलं म्हणून दात किडत नाहीत. एकदा किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याचा दात हिशेब ठेवतात. प्रत्येक वेळी गोड लागलं की पुढचा अर्धा तास तोंड आंबट असतं.

बोरन्हाणाचे फोटो मला दरवर्षी येतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हल्ली चॉकलेटं. गोड सोहळा आहे, माझ्या घरीही झाला. पण बाळ त्या तासाभरात गळ्यातला हार तोंडात घेऊन साखरेचे काटे चोखत बसतं, दोरा ओला होतो आणि एकेक दाणा सुटतो. फोटो झाले की दागिने उतरवा, ओल्या कापडाने दात पुसा. बोरं आणि हलवा बाळाच्या हाती लागण्याआधी मोठ्या मुलांना लुटू द्या. पाडव्याच्या साखरेच्या गाठीलाही हेच लागू.

रोजचं गोड मला जास्त छळतं. दुधात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्कीट. पाळणाघरात गप्प बसावं म्हणून दिलेली गोळी. शेजारच्या आजोबांची खडीसाखर, दिवसातून चारदा. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या खाण्यात वरून साखर-गूळ नको. मऊ भात-मेतकूट, पेज, खिमट, केळं, उकडलेलं रताळं, यांत त्याला पुरेसा गोडवा लागतो. गोडाची जीभ आपण लावतो. गोड सिरप वारंवार घ्यावं लागत असेल तर त्यानंतर पाणी पाजा, दात पुसा.

माझ्या उष्ट्या चमच्याने भरवलं तर?

किडीचे जंतू बाळ सोबत घेऊन येत नाही, ते बहुतेक आपल्याच लाळेतून जातात. घास गरम आहे का हे स्वतःच्या चमच्याने बघा, बाळाच्या नव्हे. खाली पडलेलं निपल तोंडात घालून 'स्वच्छ' करू नका. पापे घ्यायला बंदी नाही. आईच्या दातांत चार खड्डे असतील तर तिने आधी ते भरून घ्यावेत, बाळंतपणाच्या आधी जमलं तर उत्तम.

आयर्नच्या थेंबांनी दात काळे पडले. बंद करू?

मुळीच नको. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध देतात, ते रक्तासाठी गरजेचं आहे. हा डाग वरवरचा असतो, दवाखान्यात घासून निघतो. औषध गालाच्या आत मागच्या बाजूला सोडा, नंतर पाणी पाजा. डाग खरा की कीड, हे नखाने ठरवू नका, दाखवा.

दातांत फटी आहेत, आणि बाळ झोपेत दात खातं.

फटी असणं चांगलं, मागाहून येणारे कायमचे दात मोठे असतात. दात खाणं या वयात अगदी नेहमीचं, आणि नाही, ते जंतांमुळे होत नाही.

अंगठा चोखतं.

तीन वर्षांपर्यंत काळजी करू नका. कडुनिंब, मिरची लावू नका. पॅसिफायर दिलंच तर साखरेत किंवा मधात बुडवून देऊ नका.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?

पुढचे सहा-सात वर्षांचं असताना पडतात, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. अडीच वर्षांच्या मुलाने पुढची आठ-नऊ वर्षं दुखऱ्या दाढेने भाकरी चावायची का? दुखतं म्हणून मूल एका बाजूने खातं, मग मऊच मागतं, वजन वाढत नाही, रात्री रडून उठतं. दाढ अकाली काढली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमची दाढ वाकडी येते. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोहोचते.

जोडीला एक इशारा: सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एकेक नवी दाढ कुठलाही दात न पडता येते. ती दुधाची समजून किडू देणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. ती कायमची असते.

पहिल्यांदा डॉक्टरांना कधी दाखवायचं? कुठे?

पहिल्या वाढदिवसापर्यंत. दुखत नसताना. दोन मिनिटांची तपासणी असते, बाळ आईच्या मांडीवरच राहतं. दुखल्यावर पहिल्यांदा आणलेल्या मुलाच्या मनात खुर्ची आणि कळ यांची कायमची गाठ बसते.

लहान मुलांचे दंततज्ज्ञ हे बीडीएसनंतर त्याच विषयात एमडीएस झालेले असतात. खासगीत परवडत नसेल तर मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, इथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. गावात अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या तपासणीत दातही असतात. ताईंना पुढची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी बाळाला नक्की न्या.

कीड लागलीच असेल तर एवढ्या लहान बाळाला काय करणार?

पांढरी रेघ असेल तर फ्लोराइडचं वार्निश, ब्रशने लावतात, मिनिटभरात होतं. लहान खड्ड्यांसाठी चांदीचं एक औषध आहे, त्याने कीड थांबते पण तो भाग कायमचा काळा पडतो. आई-बाबांना फोटोंची चिंता वाटते. तरी दीड वर्षाच्या बाळाला सुई-मशीनशिवाय कीड थांबत असेल तर मी काळ्या डागाच्या बाजूने. आठ-दहा दात गेलेले असतील तर पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं करावं लागतं. त्या दिवशी शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या आजीच्या हातात बऱ्याचदा तीच बाटली असते, बाळ शुद्धीवर आलं की लगेच द्यायला.

चालताना आपटलं, पुढचा दात आत गेला. पडला असता तर परत बसवता येतो ना?

दुधाचा दात कधीही परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला धक्का लागतो. कायमच्या दाताचा नियम उलटा आहे, त्यामुळे गोंधळ होतो. आधी रक्त थांबवा: थंड ओलं कापड पाच-दहा मिनिटं दाबून धरा. मग पडलेला दात किंवा तुकडा शोधा. सापडला नाही आणि बाळ खोकतंय, घरघर करतंय, तर तो श्वासनलिकेत असू शकतो, सरळ रुग्णालय. आत घुसलेला दात त्याच दिवशी दाखवा. बरेचसे काही महिन्यांत स्वतःच परत खाली येतात. काही आठवड्यांनी दात राखाडी झाला तरी घाबरू नका, पण शेजारी हिरडीवर फोड आला तर लगेच या. आणि येताना तो सापडलेला तुकडा कागदात गुंडाळून आणा, सगळा निघालाय की अर्धा आत आहे हे त्यावरून कळतं.